बोक्याचं घुंगरू

प्रिय माऊ,

बाप एकाच गावात राहतो, दोन बस बदलल्या की तुझ्या दारात उभा राहू शकतो, आणि तरी पत्र लिहितोय, म्हणजे म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असं तुला वाटेल. वाटू दे. हे पाकीट मी उद्या सकाळी तुझ्या दवाखान्यातल्या नोंदणीच्या खिडकीत स्वतः देणार आहे आणि तू बाहेर यायच्या आत निघून जाणार आहे. एकच विनंती, पूर्ण वाचून झाल्याशिवाय फोन करू नकोस. आणि सोमवारच्या आत वाच. तीनदा लिहून फाडलं, हे चौथं.

डोंगरावरून येऊन तीन आठवडे झाले. या तीन आठवड्यांत तू जावयाशी धड बोललेली नाहीस, हे मला कुणी सांगायला नको. परवा तुमच्याकडे आलो तर तो ओट्याशी उभा राहून एकटा जेवत होता आणि तू आतल्या खोलीत ठमीच्या कपड्यांच्या घड्या घालत होतीस, घातलेल्या घड्या मोडून परत घालत होतीस. तुझ्या आईचीही हीच सवय होती. रागावली की कपाट आवरायची. आपण काही बोलावं असं फार वाटलं, पण बोललो ते भलतंच. बोका जाड झालाय म्हणालो.

कुत्र्याचं नाव बोका ठेवणारं आपलं घर, तेव्हा मूल सांभाळायची पद्धतही जगावेगळीच असायची. ठमी चालायला लागल्यापासून बोक्याचा पट्टा धरून फिरते. तो पलंगाखाली तर ती पलंगाखाली, तो दारात तर ती दारात. म्हणून जावयाने त्याच्या गळ्यात घुंगरू बांधलं. वाजतंय तोवर ठमी जवळ आहे, हातातलं काम सोडायची गरज नाही. तू फोनवर असायचीस, तो कणीक मळत असायचा, आणि दोघांचा एक कान तिकडे. मी आलो की तो कान माझा. निदान तुम्ही तसं समजत होतात.

मला ते घुंगरू ऐकू येत नाही, माऊ. कधीपासून ते नेमकं सांगता येणार नाही. वर्ष तरी झालंच. आधी कुकरची शिट्टी गेली, मग दुकानाच्या दारावरची घंटी. भारी आवाज येतात, बारीक येत नाहीत. पस्तीस वर्षं शिवणयंत्रं दुरुस्त केली, चाक फिरवून नुसत्या आवाजावरून सांगायचो की बिघाड सुईपाशी आहे की खाली बॉबिनपाशी. आता यंत्रावर तळहात ठेवतो आणि थरथरीवरून अंदाज बांधतो. गिऱ्हाईक समजतं, काय मुरलेला कारागीर आहे. माणसांचं मात्र तसं जमत नाही. समोर असली तर ओठ बघतो, नसली तर हो म्हणतो. हो म्हटलं की बहुतेक वेळा निभतं. तुझी आई असती तर तिने दुसऱ्याच दिवशी कान धरून डॉक्टरकडे नेलं असतं.

लपवलं कशासाठी, असं विचारशील. भीती वाटली. दुकान बंद करायला लावाल, याची थोडी. पण खरी भीती ठमीची. बहिऱ्या माणसाकडे दोन वर्षांचं मूल कोण सोडेल? तिच्याशिवाय माझ्या दिवसात आता दुसरं काय आहे?

डोंगरावर त्या दुपारी तुझं डोकं दुखत होतं, कपाळाला रुमाल बांधून तू तंबूत झोपली होतीस. वारा होता. तंबूच्या दाराची चेन अडकली होती आणि मी मांडी घालून तिचे दात सरळ करत बसलो होतो. जावई खाली गाडीतून ताडपत्री आणायला निघाला. जाण्याआधी माझ्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, बाबा, तुम्ही आहात ना, घुंगरू ऐकू येतंय ना? त्याचे ओठ मला स्वच्छ वाचता आले. मी म्हटलं, येतंय की, जा तू.

मग मी चेनीत रमलो. मान वर केली तेव्हा समोर कुणी नव्हतं, ना ठमी, ना बोका. असतील तंबूमागे, असं स्वतःला सांगितलं आणि आणखी चार दात सरळ केले. ते चार दात मला रोज आठवतात. उठून तंबूमागे गेलो, तिथे नुसतं गवत. हाक मारावी तर तू जागी होशील, विचारशील, आणि मला सांगावं लागेल की मी ऐकतच नव्हतो. म्हणून हाक मारली नाही. तेवढ्यात जावई आला, ठमी कुठाय म्हणाला, आणि मी दुसऱ्यांदा खोटं बोललो. म्हटलं, इथेच आहे, आत्ता तर वाजत होतं.

त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. म्हणून तो उताराखालच्या ओढ्याकडे न जाता तंबूंच्या आसपास शोधत राहिला, दगडांमागे, झुडपांत, शेजारच्या तंबूवाल्यांकडे. किती वेळ गेला देव जाणे. शेवटी तो मधोमध उभा राहिला, हात वर करून मला गप्प राहायची खूण केली आणि मान तिरकी करून ऐकू लागला. मग दचकून माझ्याकडे वळला, ऐकलंत ना, असं काहीतरी म्हणाला. मी हो म्हटलं आणि धावत सुटलो, नेमका उलट दिशेला, चढाकडे. चार पावलांवर मागे बघितलं तर तो जागच्या जागी माझ्याकडे बघत उभा होता. क्षणभरच. त्याला तेव्हाच कळलं. मग तो उतारावरून ओढ्याकडे जो सुटला, तो मला फक्त पाठमोरा दिसला.

बोक्याने कसली मर्दुमकी केली नव्हती. तो पाणी पीत होता. ठमी त्याचा पट्टा धरून गुडघाभर पाण्यात उभी होती, एका पायातला बूट गेलेला, खुशीत. पुढे दोन हातांवर पाणी एकदम खोल होतं, खाली दगड. त्या कुत्र्याने आणखी दोन पावलं टाकली असती तर तीही गेली असती. मी ते अजून डोळ्यांसमोरून घालवू शकलेलो नाही.

आरडाओरड्याने तू उठून आलीस. ओली ठमी त्याच्या कडेवर बघितलीस आणि विचारलंस, लक्ष कोण ठेवत होतं? मी तोंड उघडत होतो, खरंच उघडत होतो. तो माझ्याआधी म्हणाला, मी, जरा डोळा लागला. तुला ते लगेच पटलं, कारण तो पहाटे तीनला उठून बेकरीची भट्टी पेटवणारा माणूस, सिनेमातसुद्धा झोपतो. आणि मी मूग गिळून बसलो. येताना गाडीत तू मागे ठमीला घट्ट धरून बसली होतीस, आणि मी पुढे त्याच्या शेजारी बसून चार तास रस्ता बघत होतो. लाज वाटली, पण सांगायचं धैर्य झालं नाही.

आठवड्याने तो दुकानात आला. ताजा पाव ठेवला, समोरच्या स्टुलावर बसला आणि सावकाश, ओठ नीट हलवत म्हणाला, बाबा, कान दाखवून या, मी कुणाला बोलणार नाही, सांगायचं ते तुम्हीच सांगा. मंगळवारी जाऊन आलो. काचेच्या खोलीत बसवतात, कानाला हेडफोन लावतात, आवाज आला की बटण दाबायचं. मी तिथेही लबाडी केली. काचेपलीकडच्या मुलीचा हात हलला की दाबायचो. तिने खुर्ची फिरवून माझ्याकडे पाठ केली, मग मी पकडलो गेलो. दोन्ही कानांना यंत्र लागणार आहे, पंधरा दिवसांनी मिळेल.

आता हे पत्र का, ते सांगतो. बुधवारी संध्याकाळी तुझा फोन आला होता. तू बराच वेळ बोलत होतीस, मध्येच थांबायचीस, परत बोलायचीस. मला वाटलं ठमीच्या खोकल्याचं सांगते आहेस. शेवटी तू काहीतरी विचारलंस, आणि मी नेहमीसारखं म्हटलं, हो बाळा, तसंच कर. आज सकाळी तुझा मेसेज वाचला. बाबा, तुम्ही हो म्हणालात म्हणून धीर आला, सोमवारी ठमीला घेऊन कायमची तुमच्याकडे येते, मी कामावर असताना तिला तुम्हीच सांभाळा, तुमच्याइतका भरवसा मला कुणाचाच नाही. सकाळपासून मी हातात पेन धरून बसलोय. माऊ, तू काय विचारलंस त्यातला एक शब्दही मला ऐकू आला नव्हता. ज्याला सोडून निघाली आहेस त्याचा डोळा लागलाच नव्हता, आणि जिच्या जिवावर बेतलं होतं तिला तू माझ्याकडे ठेवायला आणते आहेस. माझ्यावर रागाव, बोलू नकोस माझ्याशी, मला चालेल. पण माझ्या होकारावर घर मोडू नकोस, मी कशाला हो म्हणतोय ते मला माहीतच नव्हतं.

तुझाच,
बाबा