पडद्याआडचं ग्रहण

प्रिय लेलंड,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. विल्बर्टमामा ठणठणीत आहे आणि पूर्वीपेक्षा जास्त बडबडतो. मेंढ्या बऱ्या आहेत. तुझा तो लंगडा कुत्रा अजून तुझी गाडी उभी राहायची तिथेच झोपतो, वेडा कुठला. चिनलीच्या रस्त्यावर कालपासून बर्फ साचलाय, शाळा बंद आहे, शेगडीवर मटणाचा रस्सा रटरटतोय आणि मला बोलायला माणूस हवंय. तिकडे टूसॉनच्या वाळवंटात म्हणे तुम्ही जानेवारीत अर्ध्या बाह्यांचे शर्ट घालून हिंडता. हिंडा बापडे.

आधी बातमी सांगते. बॉस्टनच्या त्या संस्थेने आपल्या अनुदानाचं दुसरं वर्ष मंजूर केलं. ‘आपल्या’ म्हणतेय, कारण अर्ज तू लिहिलास आणि भांडण मी केलं, म्हणजे दोघांचं झालं. गॅलपच्या त्या कळकट हॉटेलात बसून लिहिला होतास, समोरची हिरव्या मिरचीची आमटी पार गार झाली तरी तुझं लक्ष नव्हतं. विज्ञानात ज्यांची मुलं फारशी दिसत नाहीत, अशांच्या शिक्षकांना मदत, असं काहीतरी त्यांनी लिहिलेलं तू मोठ्याने वाचलंस आणि म्हणालास, “ॲव्हिस, आपण दिसत नाही म्हणे! आले होते कधी बघायला?” सगळं हॉटेल वळून बघायला लागलं होतं. तुझं ते हसणं माझ्या कानातून अजून जात नाही. पहिल्या वर्षी दुर्बिणी, सेन्सर आणि यंत्रं जोडायचं सामान मिळणार होतं. ते नीट पार पडलं तर दुसऱ्या वर्षी दुसऱ्या विज्ञानशिक्षकाची कायमची जागा. ती जागा तुझीच, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. अट एकच होती, तीही अर्जात तूच सुचवलेली. ऑक्टोबरातलं ग्रहण बरोब्बर आपल्या डोक्यावरून जाणार होतं, त्याचा अभ्यास मुलांनी स्वतः करायचा आणि नोंदी पाठवायच्या. नोंदी नाहीत, तर दुसरं वर्षही नाही.

आणि ग्रहण, लेलंड! दुसरं काही सुचलं नाही का रे तुला? तुझी आई आमच्याच आदिवासी जमातीतली, पण तू फिनिक्ससारख्या शहरात वाढलास. ग्रहण लागलं की आम्ही पडदे ओढून घरात बसतो, घोटभर पाणीसुद्धा पीत नाही, हे तुला कुणी शिकवलंच नव्हतं. सूर्य त्या वेळी मरतो नि पुन्हा जन्मतो, ते त्याचं खासगी काम असतं, तिथे आपण डोकवायचं नसतं. गावच्या सभेत तू चित्रं दाखवलीस, हातवारे केलेस, शेवटी विचारलंस, “कुणाची काही हरकत?” म्हातारी माणसं गप्प बसली. तू उड्या मारत माझ्याकडे आलास, “सगळे तयार आहेत!” अरे, फिनिक्सला गप्प बसलं म्हणजे हो होत असेल. आमच्याकडे कुणाला तोंडावर नाही म्हणणं वाईट दिसतं, म्हणून माणूस गप्प बसतो. मामा बाहेर आल्यावर मला म्हणाला, “पोरी, याला जावई करणार असशील तर आधी याला आमचं गप्प बसणं ऐकायला शिकव. आपल्यात ओळख करून देताना आधी कुळ सांगतात, पहिल्या भेटीत तेसुद्धा सांगितलं नव्हतं यानं.” मी लाजेने लाल झाले होते. ते शिकवायला मला वेळ मिळाला असता तर बरं झालं असतं.

मग एकाही आईबापाने मूल पाठवायला होकार दिला नाही आणि तुझं डोकं फिरलं. “मी यांच्यासाठी मरमर मरतोय आणि यांना अंधारात बसायचंय!” असं तू सगळ्यांदेखत बोललास. मीही कुठली ऐकून घेणार? म्हटलं, “अंधारात नाही बसत, मान राखून बसतात. जा, आईला विचार.” तुझा चेहरा एवढासा झाला. “म्हणजे मी बाहेरचाच ना?” म्हणालास. दुसऱ्या दिवशी गाडीत सामान भरून दारात उभा राहिलास आणि विचारलंस, “जाऊ ना मी?” मी गप्प बसले. लेलंड, माझ्या राजा, ते गप्प बसणं इथलं होतं. तू ते फिनिक्सचं धरलंस आणि गेलास.

तू गेल्यावर मी मुलांना स्पष्ट सांगितलं, अनुदान बुडालं, सामान परत पाठवायचंय, खोकी बांधायला घ्या. नववीतली रोशेल आठवते ना, पायाने सतत ठेका धरणारी? ती म्हणाली, “बाई, आपण बघायचं नाही, कबूल. पण डब्याला कोण अडवतंय?” उजेड आणि थंडी मोजणारे सेन्सर डब्यात बसवायचे, डबे आदल्या संध्याकाळी बाहेर ठेवायचे आणि आपण घरात. पोरीला मिठीच मारली मी. तरी मामाला विचारल्याशिवाय कसं करणार? त्याने डबा हातात घेऊन उलटासुलटा केला, कॉफी संपवली आणि गंभीरपणे विचारलं, “हा कुठल्या कुळातला?” पोरं हसून लोळली. मग म्हणाला, “याचं तोंड सूर्याकडे नको, जमिनीकडे करा. उन्हाचं काय होतं ते मोजू दे त्याला. त्या वेळात फोनवर कुणी त्याचे आकडे चोरून बघायचे नाहीत. आणि ग्रहण सुटलं म्हणून लगेच झडप घालायची नाही, सवडीने उघडा.” पोरांनी घरोघरी डबे केले. कुणाचा मेंढ्यांच्या कुंपणाशी, कुणाचा विहिरीपाशी, कुणाचा पार दूरच्या माळावर.

त्या शनिवारी मी मामाकडे होते. खिडकीला घोंगडी लावली होती. तिच्या कडेने येणारा उजेड हळूहळू राखेसारखा झाला, मेंढ्या गप्प झाल्या, अंगावर काटा येईल अशी थंडी पडली. अशा वेळी मनात चांगलं आणायचं असतं. माझ्या मनात तूच आलास. तू तिकडे काळा चष्मा लावून मान वर करून उभा असशील, हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं. तुझ्या डोळ्यांना काही होऊ नये म्हणून मी मनातल्या मनात विनवण्या करत बसले. तू शेजारी हवा होतास, बास. इतका कुणासाठी कधी जीव तुटला नव्हता रे माझा.

पुढे संस्थेच्या हॉलवर्थबाईंचा फोन आला. मुलं आकाशाकडे बघतानाचे फोटो हवे होते. म्हटलं, “नाहीत.” “एकही नाही?” “एकही नाही, मुलं घरात होती.” पलीकडे बराच वेळ शांतता. आता बॉस्टनचं गप्प बसणं कसं ऐकायचं ते मला कोण शिकवणार? मी पोरांच्या नोंदी पाठवून दिल्या आणि वर आम्ही का बघितलं नाही ते रोशेलला तिच्या शब्दांत लिहायला लावलं. डिसेंबरात बाई स्वतः आल्या. मुलांनी नकाशावर दाखवलं, सावली माळावरून विहिरीकडे, विहिरीवरून कुंपणाकडे कशी सरकत आली, कुठे गारठा आधी पडला, कुठे नंतर. एका दुर्बिणीतून एवढं कधी दिसलं असतं का? बाईंनी भाकरीने रस्सा पुसून खाल्ला आणि म्हणाल्या, “अशा नोंदी आमच्याकडे कुणीच पाठवल्या नाहीत.” मी घरी येऊन ढसाढसा रडले. सांगायला तूच नव्हतास.

तर आता मुद्द्याचं. मंजुरी आली तशी मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. “लेलंडला कळवू ना? जागा त्याचीच आहे.” मी तोंडाने, सगळ्यांना ऐकू येईल असं म्हटलं, नको. चिनलीची थॉमसिना नावाची मुलगी आहे, हुशार आहे, इथलीच आहे. सोमवारपासून ती वर्गावर येतेय. तू म्हणशील, हिने सूड उगवला. नाही रे. जागा दिली असती तर तू धावत आला असतास, हे मला पक्कं माहीत आहे. दुर्बिणींसाठी आला असतास, पोरांसाठी आला असतास, आणि मी जन्मभर विचार करत बसले असते की यात माझा वाटा किती. म्हणून ती जागा भरून टाकली आणि मग हे पत्र लिहायला घेतलं. आता इथे तुझ्यासाठी नोकरी नाही, पगार नाही, अनुदान नाही. मी आहे. तेवढ्यासाठी येणार असलास, तर ये.

भांडकुदळ, पण तुझीच,
ॲव्हिस