रेशनकार्डावरची वसुधा

१९ मे १९८६, सोमवार
मुलुंड

आले बाई एकदाची! काल कोल्हापुरात लग्न लागलं, आज सकाळी माप ओलांडून घरात. तिसरा मजला, दोन खोल्या, लांबुडकं स्वयंपाकघर आणि गॅलरीतून थेट डोंगर दिसतो. उकाडा अगदी मोंबासासारखा, त्यामुळे परकं वाटलंच नाही. झकास घर आहे.

म्हातारपणी ही वही वाचताना घोळ नको म्हणून आधीच लिहून ठेवते. मी क्षमा श्रीपाद दिघे. जन्म मोंबासाचा, आईवडील आणि भाऊ जयवंत अजून तिथेच. गेली सहा वर्षं मी कोल्हापूरला मामाकडे होते, आणि गेल्या महिन्यापासून भारताची नागरिक झाले. जुना परदेशी पासपोर्ट जमा करून टाकला. नागरिकत्वाचा दाखला हातात पडला त्या दिवशी मामाने गल्लीभर पेढे वाटले. तो दाखला ट्रंकेत तळाशी, शालूखाली ठेवलाय.

हे बँकेत आहेत, नंदकुमार टिपणीस. बिजवर आहेत हे ठाऊक होतं. पहिली दोन वर्षांपूर्वी काविळीने गेली. माणूस शांत आहे, आवाज चढवत नाही. तांदळाच्या ताटात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं, वसुधा. मला आवडलं. नंतर सासूबाईंनी सांगितलं की पहिलीचंही हेच होतं. रेशनकार्डावर, गॅसच्या पुस्तकावर, मतदारयादीत वसुधा आहेच. ती गेल्यावर नाव कमी केलंच नाही, साखर आणि रॉकेल कशाला सोडा? आता नवं नाव चढवायला चकरा कोण मारणार? मला हसूच फुटलं. आत्तेबहिणीचे जुने फ्रॉक घालूनच वाढले मी, आता नावही घालू.

सासूबाईंनी गळ्यात चांदीचा टाक बांधला, सवतीचा. दुसरेपणाच्या बायकोने घालायचा असतो म्हणे, म्हणजे पहिली शांत राहते. राहा बाई शांत, माझं काही भांडण नाही.

८ जुलै

जयवंतचं पत्र. आईच्या पोटात गाठ आहे, ऑक्टोबरच्या मध्यावर ऑपरेशन. आई म्हणते, क्षमाला डोळ्यांनी बघितल्याशिवाय टेबलावर चढणार नाही. हट्टी आहे, खरंच चढायची नाही. वाचल्यापासून एका जागी बूड टेकत नाही माझं. गॅलरी ते स्वयंपाकघर, स्वयंपाकघर ते गॅलरी. सासूबाई म्हणाल्या, फरशी झिजेल.

संध्याकाळी यांच्याबरोबर श्यामकांत नावाच्या पासपोर्ट एजंटाकडे गेले. त्याने माझा दाखला बघितला, रेशनकार्ड बघितलं आणि खो खो हसला. म्हणाला, बाई दोन आणि ओळख एकच, वाट लागली की तुमची! पहिलीचा मृत्यूचा दाखला आणा, कार्डावरून तिला कमी करा, लग्नाची नोंद, प्रतिज्ञापत्र, मग गॅझेट. सहा महिने धरा. नाहीतर सरळ वसुधा म्हणूनच अर्ज भरा. तिचा शाळेचा दाखला घरात असेलच, दोन महिन्यांत पासपोर्ट हातात.

मी ताडकन उठले. ज्या कागदासाठी सहा वर्षं वाट बघितली तो बाजूला ठेवून मेलेल्या बाईच्या नावाने जाऊ? मी काय चोर आहे?

२ ऑगस्ट

महापालिकेच्या कचेरीत स्वतः जाऊन आले. कारकुनाने दोन वर्षांचं रजिस्टर पानन् पान उलटलं. वसुधा टिपणीस या नावाने मृत्यूची नोंद नाही. यांना विचारलं, कुठल्या इस्पितळात गेली? म्हणाले, कशाला उकरतेस. आणि मग, वर्तमानपत्राची घडी घालता घालता, सांगितलं की अर्ज भरून झालाय. वसुधाच्या नावाने. फोटो माझा. फक्त सही राहिली आहे.

मी घर डोक्यावर घेतलं. हे तेवढ्याच शांतपणे म्हणाले, तुला आईकडे जायचंय ना?

सही केली. वसुधा नं. टिपणीस. आईसाठी केली, दुसऱ्या कशासाठी नाही.

२३ ऑगस्ट

चौकशीला चौकीवरून अंबादास म्हणून हवालदार आले. चांगला माणूस, चहात बिस्किट बुडवून खाल्लं. अर्जात ओळखीची खूण लिहिली आहे, उजव्या मनगटावर भाजल्याचा डाग. मला कुठला डाग! मी हात पदराखाली घेतला.

साक्षीला शेजारच्या कमलताई आल्या. म्हणाल्या, बारा वर्षं ओळखते मी हिला. एका दिवाळीत अनारसे तळताना माझ्या हातून झारा कसा निसटला, मी कशी ओरडले, त्यांनी बटाटा किसून कसा लावला, सगळं रंगवून सांगितलं. हवालदार समाधानाने लिहीत होते.

ते गेल्यावर मी कमलताईंना म्हटलं, अहो, खोटं बोलायचं तर थोडं बोलावं, एवढं कशाला? त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, लपवतेस काय गं, दाखव ना हात.

११ सप्टेंबर

गणपतीत मनगटाला खाज सुटली होती. डास चावला असेल म्हणून खोबरेल लावलं. आज तिथे कातडी चुरगळलेली आहे, तांबूस, रुपयाएवढी. जुनी असावी तशी. मी कुठेही भाजले नाही. तव्याला हात लागला नाही. आठवून आठवून डोकं फुटायची वेळ आली.

ट्रंक उघडली. शालू आहे. खाली दाखला नाही. सगळं बाहेर काढून झटकलं, गादीखाली बघितलं, पिठाच्या डब्यातसुद्धा हात घातला. हे म्हणतात, कसला दाखला? अहो, तुमच्यासमोर श्यामकांतला दाखवला होता! म्हणाले, वसुधा, जरा पड बघू.

मामाला पत्र टाकलं.

२७ सप्टेंबर

मामाचं उत्तर अजून नाही. आज अविधवा नवमी. नवऱ्याआधी गेलेल्या बाईच्या नावाने सवाष्ण जेवू घालायची. मी पहाटे उठून पुरण घातलं. मनात म्हटलं, बयो, पोटभर जेव, ओटी घे आणि मला सोड. सासूबाईंना विचारलं, सवाष्ण म्हणून कोणाला बोलावू, कमलताईंना?

त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, सवाष्ण कोणाच्या नावाने? वसुधा तर घरात आहे.

मी म्हटलं, मग गेल्या वर्षी? गेल्या वर्षी तुम्ही कोणाला जेवू घातलंत? त्या हसल्या. म्हणाल्या, गेल्या वर्षी तर काविळीनंतरचं पथ्य चालू होतं तुझं, पुरण तुला पचलं असतं का?

धावत कमलताईंकडे गेले. ती काविळीने गेली ना, तुम्हीच मला सांगितलंत ना, मे महिन्यात, जिन्यात? म्हणाल्या, गेली कुठे? बरी झालीस की गं.

पुरणाची पोळी मीच खाल्ली. कोणीतरी खायला हवी होती —

३० सप्टेंबर

कमलताईंच्या फोनवरून मोंबासाला ट्रंक कॉल लावला. तीन तास तिथेच येरझाऱ्या घातल्या. ऑपरेटरने विचारलं, कोण बोलतंय म्हणून सांगू? मी तोंड उघडलं. वसुधा टिपणीस. देवाशपथ, मला क्षमा म्हणायचं होतं! जीभच वळली नाही.

जयवंतचा आवाज ऐकू आला. स्वच्छ. ऑपरेटरला म्हणाला, या नावाचं आम्ही कोणी ओळखत नाही. फोन खाली ठेवला.

माझा भाऊ आहे तो. माझा पाठचा भाऊ —

३ ऑक्टोबर

लिहून ठेवते. क्षमा. क्षमा दिघे. वडील श्रीपाद. आई रुक्मिणी. भाऊ —

भाऊ आहे. उंच आहे. हसताना डोळे मिटतो. वर लिहिलंय त्याचं नाव, मागची पानं उलटली की सापडेल. पण वाचलं तरी ते कोणाचं ते —

पुन्हा. क्षमा. आई रुक्मिणी. आई वाट बघते आहे. ती टेबलावर चढणार नाही.

अनारसे तळल्याचं आठवतंय मला. झारा. बटाट्याचा गारवा. ते का आठवावं —

६ ऑक्टोबर

पासपोर्ट आला! फोटो माझा आहे. मीच आहे. तिकीट काढलं की झालं. हे म्हणाले, काढू या, कुठे जायचंय?

मी म्हटलं —

गाव समुद्राकाठचं. उकाडा इथल्यासारखाच. नाव जिभेवर आहे —

१६ ऑक्टोबर

कपाटात ही वही मिळाली. अर्धी कोरी आहे. पाहुणीबिहुणी विसरून गेली असेल. दुसऱ्याचं लिहिलेलं वाचू नये, म्हणून लिहिलेली पानं पिन मारून बंद केली. धोब्याचे कपडे लिहायला बरी.

तब्येत आता छान आहे. भूक लागते. काल अनारशाचे तांदूळ भिजत घातले, दिवाळी तोंडावर आली. सासूबाई म्हणाल्या, घर पुन्हा भरल्यासारखं वाटतं.

दुपारी तारवाला आला. परदेशची तार, पत्ता आमचाच, पण नाव क्षमा दिघे. मी म्हटलं, इथे या नावाचं कोणी नाही. त्याने पुन्हा विचारलं, बाई, नीट आठवा, आजारपणाची तार आहे, कोणीतरी वाट बघत असेल. मी म्हटलं, हवं तर रेशनकार्ड बघा. कमलताईही बाहेर आल्या, त्यांनीही तेच सांगितलं. त्याने तारेवर पेन्सिलीने काहीतरी खरडलं आणि परत घेऊन गेला.

तेव्हापासून डोळ्यांचं पाणी खळत नाही. कांदासुद्धा चिरलेला नाही. कोणाचं काय झालं असेल, मला काय त्याचं? पण तो जिना उतरेपर्यंत मी दारातच उभी होते. त्याला हाक मारावीशी वाटत होती, थांब म्हणावंसं वाटत होतं, ती तार माझ्या आ—