ओळखीतल्या एकाचं नाव

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आमच्या आरोग्य केंद्राच्या साहेबांचं डोकं ठिकाणावर नाही! लस आली ती जेमतेम दहातल्या एकाला पुरेल एवढी. आणि हे म्हणतात—सोडत काढू. ज्याचं नाव निघेल त्याला टोचायचं. "कुणाची तक्रार नको, सिस्टर."

तक्रार नको! साथ काय सोडत बघून पसरते? इस्त्रीच्या शर्टात बसून असलं सुचतं. मी विचारलं, "निघालं एखाद्या अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं नाव, तर त्याला टोचून साथ थांबणार का?" म्हणाले, "तुम्ही फार बोलता."

बोलणारच. माझ्या घरात दादा आहे. किडनी बदललेली, मूठभर गोळ्यांवर जगतो. त्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय—ही लस त्याला द्यायचीच नाही आणि हा ताप त्याला झेपायचा नाही. म्हणजे त्याला टोचून वाचवता येत नाही. आजूबाजूला साथ थांबली तरच माझा भाऊ वाचतो. पण हे साहेबांना कुठल्या तोंडाने सांगू? म्हणतील, घरचं रडगाणं आणलं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आज पुन्हा भांडले. प्रशिक्षणात शिकवलं होतं ते सांगितलं. कुठलंही दार ठोठावा. दार उघडेल त्याला टोचू नका. त्याला विचारा—या आठवड्यात भेटलेल्या एकाचं नाव सांग. टोचायचं त्या दुसऱ्याला! कारण साधं आहे. जो दहा घरं फिरतो त्याचं नाव दहा घरांतून येतं. घरकोंबड्याचं कुणीच घेत नाही. साथ पसरवणारी माणसं लोकच आपल्याला दाखवून देतात, आपण शोधायची गरज नाही.

साहेब म्हणाले, "म्हणजे जिला विचारलं तिलाच लस नाही? ती बोंब मारेल ना!"

मारू दे. मी ऐकून घेईन.

शेवटी "करा काय करायचं ते" म्हणाले. मेहेरबानी!

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

मीटिंग. पहिलं वाक्य काय? "आधी आपले सगळे कर्मचारी लस घेतील." सगळे! दिवसभर खुर्ची न सोडणारा हेडक्लार्क धरून! माझं टाळकंच सटकलं. उभी राहिले आणि म्हटलं, "माझी लस कोपऱ्यावरच्या केस कापणाऱ्याला द्या. त्याच्या खुर्चीत सगळी वस्ती बसून जाते."

टाळ्या पडल्या. साहेब म्हणाले, "सिस्टर, रागाच्या भरात नको. तुम्ही घरोघर जाणार आहात."

मी म्हटलं, "मी नाकातोंडावर पट्टी लावते. तुम्ही तुमची काळजी करा."

घरी येऊन दादाला सांगितलं. तो हसला. "नाकावर राग तुझ्या! जन्मलीस तेव्हापासून." पण मला बरं वाटलं होतं. खूप दिवसांनी बरं वाटलं होतं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

जिने, जिने, जिने. पाय भरून आलेत. केस कापणाऱ्याचं नाव कितीतरी घरांनी घेतलं—बघा म्हणावं! शिकवणीच्या बाई, लिफ्टवाला, दूध टाकणारा. आणि तिसऱ्या गल्लीतली "रेडिओ." खरं नाव कुणाला ठाऊक नाही. सकाळी बातम्या घेऊन निघते, चार गल्ल्या पालथ्या घालून जेवायला घरी. तिला लस द्यायला गेले तर कंबरेवर हात—"म्हणजे मी साथ पसरवते म्हणता?" म्हटलं, "मावशी, पसरवू नये म्हणूनच टोचतेय." टोचून घेतलं आणि लगेच निघाली सगळ्यांना सांगायला!

एक बाई मात्र दारातच रडायला लागली. "माझ्या पोरीला सोडून त्या लिफ्टवाल्याला? हा कुठला न्याय?" काय सांगणार? लिफ्टवाल्याला दिलेली लसच तुझ्या पोरीला वाचवेल, हे पटतं का कुठल्या आईला! मला राग आला. तिचा नाही—लस पुरेशी न पाठवणाऱ्यांचा. मेले!

मंगळवार, १८ फेब्रुवारी

घसा धरलाय. ओरडून ओरडून दुसरं काय होणार? तळमजल्यावरच्या आजींना ठार ऐकू येत नाही, ओठ बघितल्याशिवाय कळत नाही. पट्टी खाली करून चार-चारदा विचारावं लागतं. शिंपीदादांकडेही तेच, त्यांच्या मशीनच्या आवाजात.

दादाने कोमट पाणी आणून दिलं. "गुळण्या कर आणि आज तरी गप्प बस," म्हणाला.

शनिवार, २२ फेब्रुवारी

आकडे उतरले! मागच्या आठवड्याच्या निम्मे. रेडिओच्या चार गल्ल्यांत एकही नवा रुग्ण नाही. साहेबांनी अहवाल वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. "बरं चाललंय," एवढंच. शाबास म्हणताना जीभ झडली असती का? सोडतवाले!

दादाला म्हटलं, अजून पंधरा दिवस दम धर, मग तुला बागेत फिरवून आणते. खूश झाला.

बुधवार, २६ फेब्रुवारी

काय चाललंय हे? तीन नवे रुग्ण—तळमजल्यावरच्या आजी, शिंपीदादा आणि मागच्या इमारतीतली बाळंतीण. तिघंही घराबाहेर न पडणारी! तिघांची एकमेकांशी ओळख नाही. आजींना तर सरळ दवाखान्यात न्यावं लागलं.

तिन्ही घरांत जाऊन विचारलं, कोण आलं होतं? तिन्हीकडे एकच उत्तर—"कोणी नाही हो. आमच्याकडे कोण येतंय?" बाळंतिणीच्या नवऱ्याला तर मी फैलावर घेतलं. "कोणी नाही म्हणजे? आजार काय भिंतीतून आला?" तो बिचारा गोंधळून माझ्याकडे बघतच राहिला.

खोटं बोलतात! पाहुणे येतात आणि लपवतात. एवढं जीव तोडून काम करायचं आणि लोकांनी तोंडावर खोटं बोलायचं. संताप संताप झाला.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

साहेबांनी नवीन खूळ काढलं. लस न घेतलेल्या कर्मचाऱ्यांची तपासणी. तशी कोण आहे? मी एकटी! मुद्दाम. वर म्हणतात, "घसा बरेच दिवस बसलाय तुमचा." नाकात काडी घालून घेतली आणि निघून आले.

शनिवार, १ मार्च

तपासणीचा निकाल आला. मला झालंय. ताप नाही, काही नाही, नुसता घसा—काहींना एवढंच होतं.

त्या तिन्ही घरांत जाणारी मीच. "कोणी नाही" म्हणजे मी. सिस्टरला कोण पाहुणी धरतं?

घरी येऊन उंबऱ्याबाहेरूनच ओरडले—दादा, दार लावून घे! माझ्याजवळ येऊ नकोस, मला झालंय!

तो आतून म्हणाला, "मलाही ताप आहे गं. परवापासून. तू चिडशील म्हणून बोललो नाही."