उभ्या भातात मसूर

प्रिय धाकट्या,

तू आणि मी, या घरातली दोन हट्टी माणसं, एकच गाऱ्हाणं ऐकत वाढलो. घर वाढतंय आणि शेत पुरत नाही. आणि तेच न पुरणारं शेत भात निघाला की अर्धं वर्ष उघडं टाकायचं, कुंपणं मोकळी करायची, गुरं सोडायची आणि हात बांधून बसायचं. जमिनीला विश्रांती हवी म्हणे. विश्रांती जमिनीला नको होती, आपल्या सवयींना हवी होती. म्हणून ही बातमी सगळ्यांत आधी तुला. आपल्या शेतात मसूर उगवली आहे. भाताच्याच ओलीवर, याच वर्षी.

तू पेरलंस तेव्हा काय चुकलं, ते आता कळतंय. भात कापून, शेत वाळू देऊन तू नांगरलंस आणि उरलीसुरली ओल नांगराबरोबरच उडाली. मी या खेपेला नांगराला हात लावला नाही. भात पिवळा पडत होता, पाणी उतरलं होतं, पण पायाला अजून चिखल लागत होता. तेव्हाच उभ्या भातात भिजवलेलं बी फेकलं. काकू बांधावर येऊन हसली. म्हणाली, एकीची पाठवणी व्हायच्या आत दुसरीला दारात उभं केलंस की गं. कापणीला आलेल्या बायकांना मी पायाखाली बघा, पायाखाली बघा म्हणून इतकं बजावलं, की त्या मला मास्तरीण म्हणायला लागल्या. मग भाताचे भारे उचलले, आणि धसकटांमध्ये बघते तर बारीक हिरवी पानं. मी बांधावरच बसकण मारली.

अरे, एक झाड तोडायला नको, एक टेकडी उकरायला नको. आहे तीच जमीन, तिला फक्त वर्षातून दुसऱ्यांदा विचारायचं. इतकी साधी गोष्ट, आणि पिढ्यान् पिढ्या आपण ती विचारलीच नाही.

आता प्रश्न गुरांचा. तुझी पेर वाळल्यावर जे काही उरलं होतं, ते त्यांनीच फस्त केलं होतं. म्हणून मी गावच्या सभेत उभी राहिले. मी बोलायला लागले की लोक चपला शोधतात, हे तुला ठाऊक आहे. या वेळी कुणी उठलं नाही. गुरं राखणारे आजोबा मात्र म्हणाले, बाई, तुझ्या भाषणावर माझी गाय जगायची नाही. रास्त बोलले. शेवटी ठरलं, की मसूर निघेपर्यंत गुरं गोठ्यात राहतील आणि पेंढा सगळ्यांनी मिळून द्यायचा. पण आजोबांची एक अट आहे. आपल्या रांगेतल्या प्रत्येक मालकानं येत्या रविवारच्या सभेत स्वतः उभं राहून होकार द्यायचा, दुसऱ्याच्या तोंडून निरोप चालणार नाही. शेताची एक जरी पट्टी उघडी राहिली, तर गुरं तिथूनच सगळीकडे शिरतील. बाकीचे तयार आहेत. उरली आहे ती रस्त्याकडेची, तुझ्या नावावरची पट्टी.

आणि आता हे पत्र का लिहिलं ते. तुझ्या पट्टीत मी दाणाही टाकला नव्हता. तुला न विचारता कशी टाकणार? तरी तिथे मसूर उगवली आहे, आणि तीही वेडीवाकडी. एके जागी मूठभर दाटी, पुढे चार पावलं काहीच नाही. जन्मभर एकेक रोप वाकून लावलेल्या, बी फेकायची सवय नसलेल्या हाताचं काम ते. बाबांना विचारलं, तर म्हणाले, पाखरांनी टाकलं असेल. हेच बाबा तुझी पेर वाळली त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाले होते, की जमिनीला ओरबाडणारा माझा मुलगा नव्हे, आणि तू पिशवी उचलून चालता झालास. ते तुला बोलावणार नाहीत, तुझं नावही घेणार नाहीत. पण आज सकाळपासून तुझ्या पट्टीच्या कुंपणाला जिथे भगदाड आहे, तिथे काठी घेऊन उभे आहेत आणि शेजाऱ्याच्या वासराला रागं भरताहेत. त्यांना जेवायला बोलावून मी थकले. तुझ्या वतीनं ते हात वर करू शकत नाहीत, नाहीतर तेही केलं असतं. तेव्हा राग तिकडेच ठेव, नाहीतर बरोबर घेऊन ये, मला चालेल. पण रविवारी सभेला ये आणि हात वर कर.

तुझीच,
ताई