सपाट रस्त्यावरचा उतार

२ नोव्हेंबर, सकाळ

स्वस्ति श्री अखिल-गृहमंडलाधीश्वर, आरामखुर्ची-सिंहासनारूढ, मधुमेह-महासंग्रामातील एकपाद सेनानी, पत्नी एक व कन्या एक यांचे सार्वभौम मार्गदर्शक, सहायक ग्रंथपाल (सध्या वैद्यकीय रजेवर) अशा आमच्या आयुष्याच्या द्वितीय पर्वाची ही दैनंदिनी आजपासून प्रारंभ होत आहे. वाचकवर्ग: आम्ही. टीकाकार: नाहीत.

काल नवा पाय आला. उजवा, गुडघ्याखालचा. मूळ पाय साखरेने गोडीगुलाबीत काढून नेला. त्याविषयीचा शोकप्रस्ताव यापूर्वीच संमत झालेला असल्याने पुन्हा चर्चा नको. नवा पाय दिसायला सुबक, स्वभावाने अबोल. तो तयार करणारे गृहस्थ (घरात त्यांना 'पायवाले' म्हणतात) उपदेशाच्या बाबतीत मात्र अबोल नाहीत. आधी उरलेल्या पायावर रबरी मोज्यासारखा लायनर चढवायचा, मग त्यावर हा पाय. झोपताना दोन्ही उतरवायचे, लायनर धुऊन वाळत घालायचा, त्वचा आरशात तपासायची. आणि हा पाय तुमच्या सपाट बुटांच्या हिशेबाने जुळवलेला आहे, मला दाखवल्याशिवाय दुसरे बूट घालू नका.

सामान्य रुग्णांसाठी हे सर्व ठीकच.

३ नोव्हेंबर

संकल्प: उद्यापासून ब्राह्ममुहूर्ती उठून व्यायाम. महिनाअखेर काठीस सन्मानपूर्वक निवृत्ती.

४ नोव्हेंबर, सकाळ (उत्तरार्ध)

ब्राह्ममुहूर्त टळला. दोष गजराचा. तो वाजला हे खरे, परंतु त्याच्या स्वरात आदेशाचा कणखरपणा नव्हता.

७ नोव्हेंबर

कन्येला दुसऱ्या शहरात नोकरी मिळाली आहे. रुजू व्हायचे पुढच्या महिन्याच्या एक तारखेला. जाते म्हणून अद्याप कळवलेले नाही. ही म्हणाली, पोरगी तुमच्यापायी अडलीय. मी म्हणालो, अडलेली नाही, पितृवियोगाच्या कल्पनेने खचलेली आहे. तिला धीर देणे हे आमचे कर्तव्य. हिने कढईत उलथने गरजेपेक्षा जोरात फिरवले.

अखेर कन्येने अट घातली. मी एकट्याने कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापर्यंत जाऊन परत यायचे. जमले तर ती जाणार. परीक्षा पंचवीस तारखेला. अट हास्यास्पद वाटली, मान्य केली.

१२ नोव्हेंबर

बोळात भिंत धरून सराव. भिंतीची प्रगती समाधानकारक.

दुपारी उजव्या पायाच्या अंगठ्याला भयंकर खाज. अंगठा अस्तित्वात नाही. कुठे खाजतंय, असे हिने विचारले. मी बसल्याजागी गुडघ्यासमोरच्या फरशीकडे बोट दाखवले. ही निमूटपणे खाली बसून फरशी खाजवू लागली. बरे वाटले. ही बाब वैद्यकशास्त्रापासून गुप्त ठेवावी.

१६ नोव्हेंबर

कन्येने आरसा धरला, तर उरलेल्या पायाच्या टोकाशी लाल चट्टा. कधीपासून, असे विचारले. आजपासून, म्हणालो. पुन्हा विचारले. दुपारपासून, म्हणालो. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा ती दुपार गुरुवारची असल्याचे स्मरण झाले. दोन दिवस पाय घालण्यास मनाई. लायनर रोज कन्याच धुते. पर्यवेक्षण आमचे असते.

२१ नोव्हेंबर

कन्या दाराआड फोनवर बोलत होती. आम्ही मुद्दाम ऐकत नव्हतो, केवळ दारालगत उभे राहण्याचा सराव करत होतो. "सर, पंचवीसनंतर नक्की सांगते," म्हणाली. नंतर, "नाही हो, मला सोडायची नाहीये ही नोकरी."

त्यानंतर न्हाणीघरात बराच वेळ नळ वाहत होता. पाण्याचा हा अपव्यय. समज द्यायला हवी होती. दिली नाही.

२४ नोव्हेंबर

उद्या परीक्षा. सपाट बुटांत मनुष्य रुग्ण दिसतो. म्हणून वाचनालयाच्या समारंभासाठी घेतलेले काळे बूट कपाटातून काढले. टाच उंच, चकाकी राजस. कोणास सांगितले नाही. महत्कार्यात मौन बाळगावे. खोलीत घालून पाहिले आणि चमत्कार झाला. पाय स्वतःहून पुढे ओढतो! पायाला आमची महत्त्वाकांक्षा कळली.

२५ नोव्हेंबर, संध्याकाळ

परीक्षा पार पडली. निकालाविषयी मतभेद आहेत.

काठीविना निघालो. ही आणि कन्या फाटकाशी उभ्या. रस्ता सपाट, तरीही फाटकापासून उतार लागला. गुडघा पुढे, आम्ही गुडघ्याच्या मागे. गती उत्तम. कन्येच्या चेहऱ्यावर प्रथमच आशा दिसली, म्हणून हात हलवला. तो बहुधा हलवायला नको होता. औषधांचे दुकान आले. थांबण्याचा निर्णय घेतला, पण तो खालपर्यंत पोहोचला नाही. दुकान मागे पडले. शेजारी इस्त्रीवाल्याचे टेबल आहे. घडी केलेल्या शर्टांच्या राशीवर आम्ही पूर्ण लांबीने विसावलो. इस्त्री त्या क्षणी स्टँडवर होती, ही कृपाच.

इस्त्रीवाला शांतपणे म्हणाला, "साहेब, कपडे द्यायला आलात की घ्यायला?"

कन्या धावत आली. आधी गुडघा चाचपला, कोपर पाहिले. मग तिची नजर बुटावर गेली आणि तिथेच थांबली.

"बाबा, हे बूट कपाटातून कधी काढलेत?"

आम्ही एका शर्टाची घडी सरळ केली. रस्त्यावर पादत्राणांची चर्चा शोभत नाही. घरी आल्यावर ती आईला म्हणाली, मी येत नाही म्हणून उद्या कळवते.

२६ नोव्हेंबर

पायवाल्यांकडे हजेरी. कन्येने कळवणे एक दिवस पुढे ढकलले आहे. कारण सांगितले नाही. पायवाल्यांनी काळा बूट हातात घेतला, टाच पाहिली, आणि फार सुख झाल्यासारखे हसले. टाच उंचावली की हा पाय, आणि त्यावरचा माणूस, पुढे झुकणारच, म्हणाले. रस्त्याला उतार नव्हता, तुम्ही तो घरातून नेलात. पाय शाबूत आहे. "पाय माझा शहाणा आहे साहेब. वरचं बघा."

वरचे म्हणजे गुडघा असावा.

लाल चट्टा पुन्हा आला आहे. चार दिवस पाय बंद.

२७ नोव्हेंबर

कन्येसमोर मांडण्यासाठी धैर्य या विषयावर भाषण सिद्ध केले होते. आरंभी सुभाषित, मध्ये दृष्टांत, शेवटी आशीर्वाद. ती लायनर पुसत होती. मी घसा खाकरला. ती मान वर न करता म्हणाली, "तुम्ही पडलात त्याचं मला काही नाही, बाबा. पडतातच सगळे. तुम्ही सांगत नाही, त्याची भीती वाटते. मी तिकडून आरसा कसा धरणार?"

सुभाषित आठवेना. दृष्टांतही. तोंडातून जे निघाले ते भाषणात कुठेच नव्हते.

"मला जमत नाहीये गं अजून. पण तू इथे थांबलीस, तर मी रोज जमल्यासारखं दाखवत बसेन."

ती बराच वेळ लायनरच पुसत राहिली. तो केव्हाच कोरडा झाला होता. मग म्हणाली, काठी घ्यायची. सपाट बूट. आणि लाल झालं, पडलात, अडलात, तर त्याच दिवशी मला फोन. मी हो म्हणालो. हे आमच्या आयुष्यातील सर्वांत अवघड आश्वासन. विवाहातील आश्वासने तुलनेने सैल होती.

तिने माझ्यासमोरच फोन लावला. येते, म्हणाली.

३० नोव्हेंबर, सकाळ

कन्या गेली. आम्ही पलंगावर बसूनच निरोप दिला. तिने डोक्यावर थोपटले. हा वस्तुतः आमचा अधिकार होता. ही तिला बसमध्ये बसवून तशीच कामावर जाणार, संध्याकाळी येणार.

त्वचा उत्तम आहे. आज पाय घालण्याची अनुमती होती. संकल्प: स्वतः चहा करणे.

अडचण एकच. निघण्याच्या गडबडीत कन्येने सवयीने लायनर धुतला आणि पडद्याच्या दांडीवर वाळत घातला. दांडीपर्यंत पोहोचण्यास उभे राहावे लागते. उभे राहण्यास पाय लागतो, एकटा डावा पुरत नाही. पायास लायनर लागतो. न्यायशास्त्रात या दोषास चक्रक म्हणतात. त्यातून बाहेर पडायचे कसे, हे तिथे दिलेले नाही.

बसल्या बसल्या काठीने ढोसले. लायनर दांडीच्या पलीकडच्या टोकास गेला.

फोन हाताशी आहे. बस आता फाट्यापर्यंत गेली असेल. 'अडलात तर' हे कलम लागू होते की काय, यावर विचार चालू आहे. कळवावे तर ती उतरून परत येईल. न कळवावे तर वचनभंग. परंतु अडणे म्हणजे नेमके काय, याची व्याख्या त्या वेळी ठरलेली नव्हती. बस फाट्याच्या पुढे गेल्यावर कळवू. त्याच दिवशी, एवढीच अट होती.

परंतु मूळ प्रश्न वेगळाच आहे. खिडकी एवढीशी, पडदा एवढासा, मग दांडी छताला भिडवण्याचे प्रयोजन काय? ती बसवणाऱ्या सुताराला फोन केला. उचलत नाही.