आत्या, दार आतून ओढायचं असतं

तीर्थस्वरूप आत्यास,

बाळ्याचा साष्टांग नमस्कार. साष्टांग हा शब्द सवयीने लिहिलेला नाही. गेल्या मंगळवारी मी भर ऑफिसात मोठ्या साहेबांच्या बुटांसमोर आठही अंगांनी पडलो होतो, तेव्हा त्या शब्दावर आता माझा रीतसर हक्क आहे. तो प्रसंग पुढे येईलच. तुझे गुडघे कसे आहेत? आतोबांचा खोकला? ते अजून रेडिओवरच्या बातम्यांशी भांडतात का? इकडे सगळे ठीक आहेत. माझ्याबद्दल काय ते पत्र वाचून तूच ठरव.

आमची कंपनी विमानं बनवते हे तुला ठाऊक आहे आणि मी विमान बनवतो असं तू शेजारणींना सांगतेस. खरं म्हणजे मी विमानातल्या संडासाचं दार बनवतो. (तू कधी खोलात शिरून विचारलं नाहीस आणि मीही विषय पंखांवर नेत गेलो.) तर आमच्या साहेबांच्या डोक्यात सध्या असं भरलं आहे की विमानाच्या केंद्रस्थानी माणूस हवा. आजवर आमच्याकडे आधी पंख, मग इंजिन, मग इंधन, मग वजनाची काटछाट आणि उरल्यासुरल्या जागेत माणूस, असा क्रम होता. माणूस म्हणजे तक्रार करणारं सामान, एवढीच आमची समजूत. ती सुधारायला एक शिबिरवाल्या बाई आल्या. त्यांनी आम्हा घोड्यांना रंगीत उशांवर बसवलं, हातात चिकटचिठ्ठ्या दिल्या आणि प्रत्येक गोष्टीला "असं झालं तर?" असं विचारायला शिकवलं. आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, हे त्याचं उत्तर माझ्या अगदी ओठावर आलं होतं. (म्हण तुला उद्देशून नाही.) तेवढं बोलून गप्प बसलो असतो तर आज हे पत्र लिहायची पाळी आली नसती.

बाई म्हणाल्या, यंत्रापायी हाल झालेलं आपल्या घरातलं एक खरं माणूस प्रत्येकाने सांगायचं. माझ्या शेजारी रिव्हेट बसतो (पत्रे जोडणारे रिव्हेट ठोकायचं काम त्याच्याकडे आहे आणि बोलणंही तसंच, म्हणून हे नाव). त्याने आपल्या बहिऱ्या सासऱ्यांची गोष्ट सांगितली. विमानातली कुठलीच सूचना त्यांना ऐकू येत नाही, म्हणून सगळे उठले की ते उठतात. ऐकून दोघातिघांनी डोळे पुसले. आता पुढचा नंबर माझा, आणि माझ्यापाशी काही नाही. मला टाळ्या हव्या होत्या. आत्या, मी तुझी गोष्ट सांगितली.

कुठली ते तू ओळखलं असशील. मागल्या खेपेला तू आमच्याकडे आलीस तेव्हा विमानातल्या संडासात अडकली होतीस, दार ढकलत राहिलीस, आणि शेवटी त्या हवाईसुंदरी मुलीने बाहेरून उघडलं. तू हे मला ओट्याशी उभी राहून, नळ सोडून, हळू आवाजात सांगितलं होतंस आणि म्हणाली होतीस, "बाळ्या, तुझ्या-माझ्यात राहू दे. ह्यांनाही बोलू नकोस." मी ते भरल्या खोलीत सांगितलं. अभिनयासह. तुझी पर्स काखेत दाबायची पद्धतही करून दाखवली. वर हशा वाढावा म्हणून पदरची भर घातली. तू आतून "बाहेर कोणी आहे का?" असं अगदी योग्य विचारलं होतंस. मी ते "आत कोणी आहे का?" असं केलं. खोली कोसळली. बाईंनी तुझा फोटो मागितला आणि मी मोबाईलमधला काढून दिला.

आता तू आमच्या भिंतीवर माणसाएवढी उभी आहेस. खाली मोठ्या अक्षरांत "आत्या" लिहिलं आहे. खुर्च्यांवाले, दिवेवाले, पट्ट्यांवाले, जो तो विचारतो, "आत्याला जमेल का?" परवा साहेबांनी एक अख्खा आराखडा परत पाठवला आणि शेरा मारला, "आत्या चिडतील."

मंगळवारी बाई म्हणाल्या, आत्या कळायला आत्या व्हावं लागतं. मग मला म्हातारपणाचा पोशाख चढवला. खिशांत शिसं, गुडघ्यांना न वाकणारे पट्टे, हातांत जाड मोजे, डोळ्यांवर धुरकट चष्मा. समोर प्लायवूडचा संडास आणि त्याला माझंच दार. बघणाऱ्यांनी मदत करायची नाही, बोलायचं नाही, हसायचं नाही, फक्त चिठ्ठ्यांवर टिपायचं, असा बाईंचा कडक नियम. मी हसत आत गेलो, कडी लावली, आणि बाहेर येता येईना. दार मधोमध दुमडून आत येतं. ते आपल्याकडे ओढायचं आणि एक पाऊल मागे सरायचं. पण मुठीऐवजी मीच तिथे एक छान सपाट पट्टी बसवली आहे, आणि ती दिसली की हात आपोआप ढकलतो. मीही ढकललं. ज्या दाराच्या नकाशावर माझी सही आहे ते दार मी घाबरून ढकलत बसलो. मागे सरायला जावं तर गुडघे वाकत नाहीत. मी हाका मारल्या. बाहेर सगळे टिपत होते. "अरे, मी आहे, मला काढा!" म्हणालो तर फटीतून रिव्हेटचा आवाज आला, "काढा म्हणतोय, लिहू ना?" आत कोंदट होतं, मला दिसत नव्हतं, आणि बाहेर माझी माणसं उभी असूनही कोणी येत नव्हतं. शेवटी सुताराने बिजागऱ्या उघडल्या आणि दारासकट मी साहेबांच्या पायांवर आलो.

पडल्याची लाज चहा येईपर्यंत गेली. दुसरी काही जात नाही. तू भरवशाने मला एकट्याला सांगितलंस आणि मी ते विकून टाळ्या घेतल्या. आत उभा असताना एकदाही हसू आलं नाही गं. तू तिथून बाहेर येऊन त्या मुलीला हसून "थँक यू" म्हणालीस, हे तर मी खोलीत सांगितलंच नव्हतं. पट्टी जाऊन आता धरायला मूठ येते आहे, पण त्याने माझं तोंड काही उजळत नाही.

आतोबांना नमस्कार. (हे पत्र त्यांना दाखवू नकोस. मला हे म्हणायचा अधिकार नाही, तरी.) लोभ होता तेवढा मागत नाही, उरला असेल तो ठेव.

तुझा,
बाळ्या

ता. क. : पत्राचं खरं कारण आता सांगतो. नव्या दाराची पहिली चाचणी तुझ्या हातून व्हावी म्हणून साहेबांनी तुला आमंत्रण धाडलं आहे, तिकिटासह. कृपा करून नाही म्हण. गुडघ्यांचं सांग. तुझा फोटो काढायला गेलो होतो, पण तो प्लास्टिकमध्ये मढवून भिंतीत स्क्रूने घट्ट केला आहे, आणि आमच्या कंपनीचे स्क्रू निघत नाहीत.

ता. क. २ : हिने पत्र वाचलं. म्हणाली, "दार आत्यांसाठी केलं म्हणता आणि आत्यांनाच बाहेर ठेवता?" तर ये. भिंतीसमोर उभी राहून सगळ्यांदेखत माझा कान धर, मी वाकून उभा राहीन. येताना ज्या विमानात बसशील त्याला जुनंच दार असेल. मधोमध धर, आपल्याकडे ओढ, आधी एक पाऊल मागे घे.

ता. क. ३ : फोटोखाली मंगळवारच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. तू त्या वाचशीलच, म्हणून आधीच सांगतो. रिव्हेटची शेवटची चिठ्ठी अशी आहे : "प्रवाशाने शिव्या देणे थांबवले. आता 'आत्या, आत्या' अशा हाका मारतो आहे. कारण समजले नाही."