आई, साक्ष तुझीच हवी

भोर, १९३८

तीर्थरूप आईस मार्थाचा नमस्कार.

दवाखान्यातलं नर्सचं काम बरं चाललंय. इथला भात गोड लागतो. तुझा खोकला गेला का?

कोर्टानं घटस्फोट दिला, पण चर्चला तो चालत नाही. शेजारची सारजाबाई म्हणते, "आमच्यात काडी मोडली की बाई मोकळी. तुमचं लई अवघड!" फादर म्हणतात, लागलेलं लग्न मोडत नाही, पण जबरदस्तीनं लावलेलं असेल, तर ते लागलंच नव्हतं असं ठरू शकतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी तू मला कोंडलंस, वेदीपुढं चिमटा काढलास. दुसरं कुणी पाहिलं नाही.

जबरदस्ती झाली होती का, हे फादर तुला विचारायला येतील. मी रागावलेली नाही, पण माघारही घेणार नाही. तेव्हा तुला भिऊन मी 'हो' म्हणाले. आता तू न भिता 'हो' म्हण.

तुझीच,
मार्था